सासूबाईंच्या नावाची अळंबी

माझ्या सासूबाईंच्या नावाची एक अळंबी होती. अळंबी अजून आहे, सासूबाईही आहेत. गेलं ते नाव. ते मीच दिलं होतं आणि ज्या लेखाने ते रद्द झालं त्या लेखावरही माझं नाव आहे, म्हणून हे मीच सांगितलेलं बरं. दुसरं कुणी सांगायला लागलं की एक तर माझी थट्टा होते नाहीतर कीव, आणि मी तिथून उठून पाणी आणायला जाते.

मी कल्याणच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, राहते डोंबिवलीला. माझा विषय अळंब्या. त्यातही एकच कुळ, रसुलेसी नावाचं. ह्या कुळाची ओळख सोपी आहे. देठ मोडला की खडूसारखा कट्कन तुटतो. इतर अळंब्यांचा देठ मोडताना शेवग्याच्या शेंगेसारखे धागे निघतात; ह्यांच्यात धाग्यांच्या मधेमधे गोल पेशींचे पुंजके असतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, त्यामुळे मांस ठिसूळ होतं. पूर्वी ह्या कुळात दोन मोठी घरं मानत. कापल्यावर दूध येतं ती लॅक्टेरियस, येत नाही ती रसुला. पुढे डीएनए वाचता यायला लागला तेव्हा दुधाच्या घरात वाटणी झाली आणि लॅक्टिफ्लूअस नावाचा एक गट वेगळा निघाला. झाडाच्या सालीवर रंगाच्या पोपड्यासारख्या पसरणाऱ्या, छत्री वगैरे काही नसलेल्या काही बुरशासुद्धा ह्याच कुळातल्या निघाल्या, तेव्हा आमच्यातल्या जुन्या लोकांना जरा धक्का बसला होता. पण दूध येतं की नाही, हा पहिला प्रश्न तसाच राहिला. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलंही अळंबी हातात घेतली की आधी तेच बघतात.

येऊरच्या किंवा मुरबाडकडच्या जंगलात ही अळंबी फारशी सापडत नाही. तिला ठरावीक झाडांच्या मुळांशी जोडून घेऊन राहावं लागतं आणि ती झाडं कर्नाटकातल्या घाटात आहेत. त्यामुळे पीएच.डी.च्या वर्षांत पावसाळा आला की मी आठ-दहा दिवस तिकडे जायचे, परत यायचे, परत जायचे. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. नवऱ्याची कंपनीत शिफ्ट. घर सासूबाईंनी सांभाळलं.

त्या देवगडकडच्या. लग्न होऊन डोंबिवलीला आल्या, डी.एड. झालेलं होतं, महापालिकेच्या शाळेत लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. सासरे लवकर गेले. आमच्या सोसायटीत त्यांना सगळे बाई म्हणतात, कारण सोसायटीतल्या निम्म्या बाप्यांना त्यांनीच मुळाक्षरं गिरवायला लावलेली आहेत. वर्तमानपत्रात शुद्धलेखनाची चूक दिसली की त्या पेनाने दुरुस्त करतात आणि मगच पेपर रद्दीत टाकतात. सून कुत्र्याच्या छत्र्या गोळा करायला परराज्यात जाते, असं शेजारी कुणी हसून म्हणालं तर त्या अगदी वर्गात सांगावं तसं सांगायच्या की त्याला अळमी म्हणतात, आणि त्यावर पुस्तकं आहेत. मुलीला ताप आला असताना एकदा मी घाटातून फोन केला, की मी निघते. त्यांनी मला निघू दिलं नाही. म्हणाल्या, तू इथे येऊन काय करणार आहेस ते मी करतेच आहे.

त्याच खेपेला मला ती अळंबी मिळाली. एका देवराईत, उतारावर, पाल्यात अर्धी दबलेली. पांढरी, तळहाताएवढी, मधोमध वाटीसारखी खोलगट, देठ आखूड आणि जाड. कडेचा कण जिभेवर ठेवला आणि थुंकला. चव बघायची आमची हीच रीत. मिरचीचा ठेचा खाल्ल्यासारखी जीभ भाजली. मग उलटी करून खालच्या बारीक पट्ट्यांवर, म्हणजे गिल्सवर, ब्लेड फिरवलं. दूध आलं नाही. बरेच दिवस तिथे पाऊस नव्हता. पायाखालचा पाला कुरकुर वाजत होता आणि मी त्यावर उभी राहून खूश होत होते.

दूध नाही म्हणजे रसुला. तिच्यात पांढऱ्या, तिखट, अशाच आखूड देठाच्या जाती आहेत. पण हिच्या बीजाणूंवरची नक्षी फार बारीक होती, त्या पांढऱ्या रसुलांच्या कुठल्याच वर्णनाशी जुळेना. जुळणार कशी, मी चुकीच्या घराचे दरवाजे वाजवत होते. पण तेव्हा मला वाटलं की कशाशीच जुळत नाही, म्हणजे नवीन आहे.

माझे गाइड त्या वेळी निवृत्तीला आलेले होते. त्यांनी स्लाइड बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, असेल नवीन. मी त्यांच्या केबिनमधूनच घरी फोन लावला. आई, म्हटलं, एका अळंबीला तुमचं नाव देतेय. त्यांनी विचारलं, "खायची आहे का?" मी म्हटलं, नाही, जहाल तिखट आहे. त्यावर त्या इतक्या हसल्या की सरांनाही ऐकू गेलं.

लेख छापून आला. नावाच्या शेवटी लॅटिन प्रत्यय लागून सासूबाई जगाच्या यादीत गेल्या. नातेवाइकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं, सासूच्या नावाची म्हटल्यावर तिखटच असणार वगैरे, आणि सगळ्यांत जास्त त्याच हसायच्या. सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात आम्हा दोघींचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. नाक्यावरच्या मंडळाने फ्लेक्स लावला. त्यावर सासूबाईंचा पासपोर्ट साइज फोटो आणि शेजारी लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली, परदेशी गोष्टींच्या पुस्तकात असते ती विषारी अळंबी. मी नवऱ्याला म्हटलं, काढायला सांग, लाज वाटते. तो म्हणाला, आईला किती आनंद झालाय बघ, राहू दे चार दिवस. चार दिवसांचे पंधरा दिवस झाले. भाजी घ्यायला जाताना मी दुसऱ्या रस्त्याने जायचे.

माझी आई कोलशेतला राहते. माझे वडील तिकडच्या कारखान्यात होते, आता कारखाने गेले आणि त्या जागी टॉवर आले, ती जुन्या बिल्डिंगमध्येच आहे. तिला लेख दाखवला तेव्हा तिने चष्मा लावून नाव वाचलं, छान छान म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. चहा पिताना ती बोरिवलीच्या मावशीच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिली. परत येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की तिचं नाव द्यावं हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

ह्या सगळ्याला बरीच वर्षं झाली. मुलगी कॉलेजात गेली. मीही गाइड झाले, आणि दोनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे कोळसेवाडीतली एक मुलगी पीएच.डी.ला आली. कमी बोलणारी. विचारलं तेवढंच उत्तर द्यायची आणि हात इतका स्थिर की वाळक्या अळंबीचा केसाएवढा काप काढायची. मी पूर्वी जमवलेले सगळे वाळवलेले नमुने घेऊन त्यांचा डीएनए वाचायचा, असा तिचा विषय ठरला. माझ्या वेळी आमच्याकडे ती सोय नव्हती. सुरुवात सासूबाईंच्या अळंबीपासून कर, असं मीच तिला सांगितलं. त्यात कौतुकाची हौस होती हे कबूल करायला हवं.

नमुना बाहेरच्या लॅबमध्ये गेला आणि ईमेलवर उत्तर आलं. ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत चार जणं डबे खात होती. तिने विचारलं, "मॅम, जरा बाहेर येता का?" मला वाटलं तिच्या घरी काहीतरी झालं. पाण्याच्या कूलरपाशी आल्यावर ती खाली बघत म्हणाली, "मॅम, ते रसुला नाहीये. लॅक्टिफ्लूअस येतंय."

मी लगेच म्हटलं, नमुन्यात दुसरं काहीतरी मिसळलं असणार. परत कर. तिने वाद घातला नाही. वेगवेगळ्या जागचे तुकडे घेऊन परत केलं. परत तेच. आणि नुसतं घर चुकलेलं नव्हतं. थायलंडकडच्या कुणी संशोधकांनी माझ्या खूप आधी वर्णन केलेली एक जात होती, पांढरी, तिखट, भरपूर दूध देणारी. तिच्या आणि माझ्या अळंबीच्या डीएनएचा मजकूर जवळजवळ अक्षराला अक्षर जुळत होता. म्हणजे माझी अळंबी रसुला नव्हती, आणि नवीनही नव्हती.

मी जुनी स्लाइड मागवली. तिने सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिली आणि बाजूला झाली. मी बघितलं. दूध देणाऱ्या अळंबीत दुधाच्या नळ्या असतात आणि त्यांची टोकं गिल्सच्या कडेपर्यंत येऊन वर डोकावतात. बाहेर दूध सुकलं तरी ती टोकं तिथेच असतात. ती होती. एक नाही, दोन नाही, प्रत्येक कापात होती. मग माझा लेख उघडला. त्यातल्या चित्रात ती मी स्वतःच्या हाताने काढलेली होती, अगदी सुबक, आत दाणेदार ठिपके देऊन, आणि खाली दुसऱ्याच पेशींचं नाव लिहिलेलं होतं. मला दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं, काढलं होतं, छापलं होतं, फक्त ते काय आहे हे कळलं नव्हतं. पाऊस न पडल्यामुळे दूध आटतं, हे मी दर वर्षी मुलांना शिकवते.

ती मुलगी सिंकपाशी स्लाइड धूत होती. धुवायला काही नव्हतं; त्या स्वच्छच होत्या. पाठ माझ्याकडेच ठेवून ती म्हणाली, "मॅम, ही एक जात पेपरमधून गाळली तरी चालेल. बाकीचं पुरेसं आहे."

मला चुकीची लाज वाटत होतीच. पण हे वाक्य ऐकल्यावर कान गरम झाले. ती माझ्यासाठी वाट काढत होती. मला तशी पळवाट लागेल, असं तिला माझ्याकडे बघून वाटलं होतं. आणि क्षणभर मला ती हवीशीही वाटली, हे तिने माझ्या चेहऱ्यावर वाचलं असेल की काय, ह्याचा विचार मी अजून करते. मी म्हटलं, गाळायचं नाही, पहिल्या पानावर घाल. आवाज उगाच मोठा निघाला.

त्या रविवारी मी सरांना सांगायला गेले. सर आता माजिवड्याला मुलाकडे असतात. नवऱ्याने गाडी काढली, शीळफाट्याला नेहमीसारखे अडकलो आणि मी गाडीत बसून वाक्य जुळवत राहिले. लेखावर त्यांचंही नाव होतं, तेव्हा माफी मागायला हवी होती. सर थकलेत, पण डोकं शाबूत आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डीएनएचा आलेख नीट बघितला. मग म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती."

मला आधी नीट कळलंच नाही. मी विचारलं, कसली शंका?

"नळ्यांची. त्या स्लाइडमध्ये. तुम्हाला म्हणणार होतो, पुढच्या पावसात परत जाऊन ओली असताना बघून या."

"मग म्हणाला का नाहीत, सर?"

ते खिडकीबाहेर हायवेकडे बघत राहिले. म्हणाले, "तुम्ही फोन लावलात ना. माझ्यासमोरच. तुमच्या सासूबाई हसत होत्या."

त्यांनी माझ्यावर ठपका ठेवला नाही. उलट आपलंच चुकलं, गाइडने असं वागायचं नसतं, असं ते दोनदा म्हणाले. सूनबाईने पोहे आणले, आम्ही ते खाल्ले. पण मी आतून बसल्या जागी बारीक होत गेले. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एक शोध लावला. प्रत्यक्षात केबिनमध्ये एका शहाण्या माणसाने माझा आनंद बघून तोंड मिटून घेतलं होतं, लहान मुलाच्या खेळात मोठी माणसं मिटतात तसं. परतीच्या वाटेवर नवऱ्याने विचारलं, काय म्हणाले सर? मी म्हटलं, काही नाही, चालतं म्हणाले.

आता सासूबाईंना सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सुरुवातीपासून सांगितलं. घर चुकलं, जात आधीच माहीत होती, म्हणून तुमचं नाव आता चालणार नाही. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. हात चालूच होते. माझं संपल्यावर त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि मला मी तिसरीत असल्यासारखं वाटायला लागलं.

"दूध आलं नाही म्हणून तू ठरवलंस?"

"हो."

"आणि पाऊस नव्हता म्हणून दूध आलं नव्हतं."

"हो, आई."

"मग पुढच्या वर्षी जाऊन परत का नाही बघितलंस?"

हे सरांचंच वाक्य होतं. सर जे बोलले नाहीत ते त्यांनी मेथी निवडता निवडता विचारलं. मी म्हटलं, मला प्रबंध द्यायची घाई होती. ते खरं होतं. मग म्हटलं, आणि तुम्हाला सांगूनही झालं होतं. तेही खरं होतं, पण ते बोलायला नको होतं. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे माझ्यामुळे?"

मी नाही नाही म्हटलं, तुमचा काय संबंध, चूक माझी. त्यांनी काड्या वेगळ्या करून पिशवीत भरल्या, टेबल पुसलं आणि आत जाऊन आडव्या झाल्या. दुपारी आडवं होणं त्यांच्यात नाही.

संध्याकाळी त्यांनी कपाट उघडलं. सत्काराची शाल त्यांनी एकदाही वापरली नव्हती, घडीसुद्धा मोडली नव्हती. ती एका पिशवीत घातली आणि चपला घातल्या. मी विचारलं, कुठे? म्हणाल्या, सोसायटीच्या ऑफिसात देऊन येते. मी म्हटलं, आई, शाल कुणी परत करतं का? त्या म्हणाल्या, "ज्यासाठी दिली ते खोटं निघालं. मग ती माझी कशी?" आणि लिफ्टने खाली गेल्या. मी बाल्कनीत जाऊन बघत राहिले. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या सावकाश कंपाउंड ओलांडत होत्या आणि मला खाली जाऊन त्यांना अडवायचं धैर्य नव्हतं.

सोसायटीचा सेक्रेटरी त्यांचाच विद्यार्थी. त्याने नको नको म्हटलं असणार, पण बाईंपुढे त्याचं कधी चाललं नाही. पुढे मेंटेनन्सच्या कामाला ऑफिसात गेले तेव्हा ती शाल लोखंडी कपाटावर, बॅडमिंटनच्या नेटशेजारी, पिशवीसकट ठेवलेली मला दिसली. त्यानेही ती बघितली, मीही बघितली, आणि आम्ही पाण्याच्या टाकीबद्दल बोललो.

मला वाटलं एवढ्यावर संपेल. पण त्यांनी ही गोष्ट इतक्या वर्षांत पुष्कळ जणांना सांगितलेली होती. जुन्या विद्यार्थ्यांना, शाळेतल्या मैत्रिणींना, भाजीवाल्याला, दाताच्या डॉक्टरला. आता त्या एकेकाला फोन करून दुरुस्ती सांगायला लागल्या. मी स्वयंपाकघरात असले की हॉलमधून ऐकू यायचं. अगं, ती अळमी आठवते का? ती नाही हो माझ्या नावाची. नाही, नाही, कुणी फसवलं नाही. सुनेकडून चूक झाली. दर वेळी शेवटचं वाक्य तेच असायचं आणि दर वेळी मी गॅस मोठा करायचे, कुकरचा आवाज लवकर व्हावा म्हणून.

मग सव्वीस जानेवारी आला. झेंडावंदन झालं, अध्यक्ष पार्किंगबद्दल बोलले, आणि सासूबाईंनी माइक मागितला. मला काही माहीत नव्हतं. त्या पांढऱ्या साडीत, ताठ उभ्या, शाळेत उभ्या राहत तशा.

"दोन मिनिटं घेते," त्या म्हणाल्या. "एका अळंबीला माझं नाव मिळालं म्हणून तुम्ही माझा सत्कार केला होता. ते नाव चुकून दिलं गेलं होतं. ती अळंबी दुधाच्या घरातली निघाली, आणि तिला आधीपासून दुसरं नाव होतं. चूक माझ्या सुनेची. ती तिने मान्य केली आहे आणि छापायलाही दिली आहे. मी ज्यांना ज्यांना सांगितलं असेल, त्यांनी कृपा करून दुरुस्ती करून घ्यावी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सव्वीस जानेवारीला माइकवर कुणीही काहीही बोललं की टाळ्या वाजवतात. पुढच्या रांगेतली मुलं तर उत्साहाने वाजवत होती. मी मागे, जिन्याजवळ उभी होते आणि माझ्याकडे माना वळत होत्या. काहींना काही कळलं नव्हतं, पण सुनेचं काहीतरी चुकलं आहे एवढं कळलं होतं, आणि ते पुरेसं होतं. बुंदीचा लाडू हातात देताना वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी नवऱ्याला हळूच विचारलं की वहिनींची डिग्री राहणार ना?

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, आई, सगळ्यांसमोर कशाला?

"सत्कार सगळ्यांसमोरच घेतला होता ना," त्या म्हणाल्या. मग मजल्यांचे आकडे बदलताना बघत, वेगळ्या आवाजात, "तुझं नाव घ्यायला नको होतं का?"

त्यांनी नाव न घेता चूक झाली म्हटलं असतं तर ते अर्धवट झालं असतं, आणि अर्धवट त्यांना जमत नाही. हे मला कळत होतं. तरी मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं ह्याचीही लाज वाटली. दार उघडल्यावर त्या आधी बाहेर पडल्या, कुलूप काढलं, आणि माझ्यासाठी दार धरून उभ्या राहिल्या.

सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर हात जोडलेले आले. बाईंचा प्रामाणिकपणा वगैरे. एकाने विचारलं, ती अळंबी विषारी आहे का, कंपाउंडमध्ये उगवल्यात तशा. मी उत्तर टाइप केलं, मग खोडलं. सोसायटीत माझ्या उत्तरावर आता कोण विश्वास ठेवणार, असं वाटलं.

कोलशेतला आईकडे मी आपण होऊन गेले. तिला कुणीतरी अर्धवट सांगण्याआधी मीच सांगावं म्हणून. तिने ऐकलं आणि पटकन म्हणाली, "बरं झालं, माझं नाव नव्हतं."

तिच्या मनात कुजकं काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं. मग तिलाच कसंतरी झालं आणि तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, तेव्हा मला वाईट वाटलं होतं हं, आता सांगते. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, माहीत होतं तर बोलली का नाहीस? आम्ही दोघी टीव्हीकडे बघत बसलो. निघताना तिने डब्यात आळूवडी दिली, आणि म्हणाली, त्यांनाही दे, त्यांना आवडते.

लेख गेल्या महिन्यात छापून आला. पहिलं नाव माझ्या विद्यार्थिनीचं, शेवटचं माझं. तिने मसुदा दाखवला तेव्हा आमच्या चुकीबद्दलचं वाक्य तिने फार मऊ लिहिलं होतं, वाळक्या नमुन्यात दूध न आढळल्याने गैरसमज संभवतो, असं. मी ते खोडून लिहिलं की नळ्यांची टोकं मूळ चित्रात दाखवलेली असून ती ओळखली गेली नव्हती. तिने वाचलं आणि मान हलवली. त्या दिवसापासून ती स्टाफरूममध्ये आली तर सगळ्यांसमोरच बोलते, मला बाहेर बोलवत नाही. ते मला बरं वाटतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सासूबाईंनी लेख मागितला. मी प्रिंट काढून दिली. त्यांनी भिंग घेऊन बरोबर ते पान शोधलं. वर खरं नाव, त्याखाली बरोबरीच्या चिन्हापुढे तिरप्या अक्षरांत माझं दिलेलं.

"हे अजून इथे कसं?" त्यांनी विचारलं. "रद्द झालं म्हणालीस ना?"

मी सांगितलं की आमच्यात नाव रद्द झालं तरी पुसत नाहीत. एकदा रीतसर छापलं की ते कायम राहतं. ह्या अळंबीवर पुढे कुणीही लिहिलं, शंभर वर्षांनी लिहिलं, तरी खऱ्या नावाखाली ते द्यावं लागतं, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की कुणी कुठे काय म्हटलं होतं.

"म्हणजे चूक कायमची राहणार."

"हो."

"माझ्या नावाने."

"तुमच्या नावाने, आणि पुढे माझं नाव, मी दिलं म्हणून. दोन्ही एकत्रच छापतात."

त्यांनी परत भिंग लावलं. दोन्ही नावं शेजारी शेजारी होती. एका ओळीत त्यांचं नाव आणि माझं आडनाव, म्हणजे त्यांचंच आडनाव. त्या तिथे बोट ठेवून बसल्या. मी वाट बघत होते की त्या काहीतरी म्हणतील, रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील.

"स्पेलिंग बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि प्रिंट घडी घालून मला परत दिली. मग संध्याकाळी दूध कमी पडेल, एक लिटर जास्त घेऊन ये, असं सांगून त्या आत गेल्या. मी पिशवी घेऊन खाली उतरले. जिन्यात सेक्रेटरी भेटला, त्याने विचारलं, बाई बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, बऱ्या आहेत.